हुकूम बजावणाऱ्याची ढाल

माजलगावच्या जुन्या ईदगाह मैदानावर संध्याकाळच्या वेळी शांतपणे धरणं धरायचं, एवढीच परवानगी काही नागरिकांनी जानेवारी २०२०मध्ये मागितली होती. नागरिकत्व सुधारणा कायद्याला त्यांचा विरोध होता. देशाविरुद्ध, कुठल्या धर्माविरुद्ध किंवा देशाच्या एकतेला बाध येईल अशी एकही घोषणा देणार नाही, अशी हमी देण्याची त्यांची तयारी होती. पोलिसांनी ३१ जानेवारीला परवानगी नाकारली. बीडच्या अपर जिल्हादंडाधिकाऱ्यांनी २१ जानेवारीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली आदेश काढलेला होता आणि माजलगावच्या ठाण्याने त्याच आदेशावर बोट ठेवलं.

मराठवाड्यात वर्तमानपत्र वाचणाऱ्याला हे कलम नवं नाही. ‘जिल्ह्यात ३७ (१) व (३) लागू’ अशी चार ओळींची बातमी सणवार, जयंत्या, निवडणुका आणि मोर्चांच्या दिवसांत आतल्या पानावर कुठेतरी असतेच. पोटकलम (१) खाली काठ्या, शस्त्रं, दगड बाळगायला, जाहीरपणे घोषणा द्यायला, गाणी म्हणायला, वाद्यं वाजवायला बंदी घालता येते. पोटकलम (३) खाली जमाव आणि मिरवणुका थांबवता येतात; मात्र ही जमावबंदी राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपलीकडे चालत नाही. म्हणून दर पंधरवड्याला नवा आदेश निघतो, बातमी पुन्हा छापून येते आणि बहुतेक वाचक ती न वाचता पान उलटतात. ज्याला त्या पंधरवड्यात रस्त्यावर बसायचं असतं, त्यालाच ती चार ओळींची बातमी किती मोठी आहे ते कळतं.

माजलगावकरांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात दाद मागितली. न्यायमूर्ती टी. व्ही. नलावडे आणि न्यायमूर्ती एम. जी. सेवलीकर यांनी १३ फेब्रुवारी २०२०ला निकाल दिला आणि अपर जिल्हादंडाधिकाऱ्यांचा आदेश व पोलीस ठाण्याचा नकार, दोन्ही रद्द केले. आदेश वरकरणी सगळ्यांसाठी असला तरी त्याचा खरा रोख या एका कायद्याच्या विरोधकांवर आहे, असं न्यायालयाला दिसलं. एखाद्या कायद्याला विरोध केला म्हणून कुणी देशद्रोही ठरत नाही, हेही न्यायालयाने बजावलं. मूलभूत हक्कांबद्दल अधिकाऱ्यांना नीट प्रशिक्षण द्यायला हवं, असंही निकालात म्हटलं.

वर्तमानपत्रांनी इथवरची बातमी दिली. या लेखाचा विषय बातमी संपते तिथून पुढे सुरू होतो. वरिष्ठांचा आदेशच बेकायदा ठरला. मग त्या आदेशावर विसंबून नकारपत्रावर सही करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचं काय? त्याने नागरिकांचा घटनात्मक हक्क अडवला होता, हे आता न्यायालयाच्या निकालानेच सिद्ध झालेलं. त्याच्यावर नुकसानभरपाईचा दावा लावता येईल का? फौजदारी खटला चालेल का?

खंडपीठाने आदेश रद्द केले; कुणाला शिक्षा किंवा दंड केला नाही. तसं मागितलं असतं तरी वाट बिकट होती, कारण त्याच महाराष्ट्र पोलीस अधिनियमात पुढे कलम १५९ आणि १६० आहेत. या कायद्याने किंवा दुसऱ्या कुठल्या कायद्याने सोपवलेलं कर्तव्य म्हणून सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल दंडाधिकाऱ्याला वा पोलीस अधिकाऱ्याला शिक्षा किंवा भरपाई लागू होत नाही, असं १५९ सांगतं. १६० आणखी खालच्या पायरीवरच्या माणसासाठी आहे. ज्या आदेशामागे अधिकार असल्याचं वरवर दिसतं आहे, तो सद्भावनेने अमलात आणणारा लोकसेवक जबाबदार धरला जाणार नाही, असं ते कलम म्हणतं. म्हणजे आदेश खरोखरच वैध होता का, हे तपासायची जबाबदारी कायद्याने ठाण्याच्या पातळीवर टाकलेली नाही. सही योग्य पदावरच्या माणसाची आहे, कलमाचा उल्लेख आहे, मुदत संपलेली नाही, एवढं दिसलं की हुकूम बजावणाऱ्याचं भागतं.

हुकूम पडतो आणि हुकूम बजावणारा वाचतो, हे पहिल्यांदा ऐकताना अन्यायाचं वाटतं. पण उलटी स्थिती डोळ्यांपुढे आणून पाहा. दिवाणी न्यायालयाचा बेलिफ ताबा वॉरंट घेऊन गेवराई तालुक्यातल्या एखाद्या शेतावर गेला. समोरचा म्हणाला, हा हुकूमनामाच चुकीचा आहे, तू अंमल केलास तर उद्या तुझ्यावर दावा लावीन. बेलिफाने आता काय करायचं? न्यायाधीशाच्या निकालावर आपण अपील चालवायचं? तो घरी परतणं पसंत करील आणि ज्याच्या बाजूने निकाल लागला त्या शेतकऱ्याच्या हातात नुसता कागद राहील. ही अडचण ओळखून १८५० साली न्यायिक अधिकाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि तो आजही लागू आहे. न्यायाधीश, दंडाधिकारी, न्यायिक काम करणारा जिल्हाधिकारी यांच्याबरोबर त्यांचे हुकूम आणि वॉरंट बजावणाऱ्या माणसालाही दिवाणी दाव्यापासून त्यात संरक्षण आहे. पदाने सर्वांत लहान असलेल्या माणसाची चिंता त्या जुन्या कायद्याने केली, ही त्याची मला सर्वांत पटणारी बाजू आहे.

सगळं अडतं ते ‘सद्भावना’ कशाला म्हणायचं इथे. आपल्या कायद्यांनी तिची एक नव्हे तर दोन मोजमापं दिली आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत.

वकील मंडळी ज्याला जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट म्हणतात त्या १८९७च्या केंद्रीय कायद्यानुसार, प्रामाणिकपणे केलेली गोष्ट सद्भावनेने केलेली समजायची, मग ती करताना हयगय झाली असो वा नसो. राज्याच्या कायद्यांसाठी १९०४ साली मुंबई इलाख्यात झालेल्या कायद्यातही हीच व्याख्या आहे. फौजदारी कायद्याचं मोजमाप कडक आहे. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ५२ आणि १ जुलै २०२४पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतली व्याख्या सांगतात की पुरेशी काळजी आणि लक्ष न देता केलेली कुठलीच गोष्ट सद्भावनेची नव्हे. पहिल्या मापात मन साफ असलं की पुरतं. दुसऱ्या मापात साफ मनाबरोबर उघडे डोळेही लागतात.

न्याय संहितेचं कलम १४ कायद्याने बांधलेल्या, किंवा वस्तुस्थितीबद्दलच्या चुकीमुळे सद्भावनेने तसं समजणाऱ्या माणसाला अपराधातून वगळतं. त्याखाली दिलेल्या उदाहरणांत न्यायालयाचा एक अधिकारी आहे. त्याला एका माणसाला अटक करायचा हुकूम आहे. तो योग्य चौकशी करतो आणि तरीही चुकून दुसऱ्यालाच तो माणूस समजून पकडतो. अपराध होत नाही. त्या वाक्यातली ‘योग्य चौकशी’ काढून टाकली तर उदाहरण कोसळतं. एकाच गावात एकाच नावाची तीन माणसं निघणं आपल्याकडे नवलाचं नाही. वडिलांचं नाव न विचारता, ओळखपत्र न पाहता, पोलीस पाटलाला न बोलावता पहिल्या सापडलेल्याला गाडीत घालणाऱ्याला हे कलम कामाला येणार नाही. आणखी एक भेद इथेच ध्यानात ठेवायला हवा. चूक वस्तुस्थितीची असेल तर माफी आहे, कायद्याच्या अज्ञानाला नाही. ‘मला वाटलं तो आरोपी आहे’ हे चालतं. ‘मला वाटलं आरोपीला मारायची परवानगी आहे’ हे चालत नाही.

आता बीडकरांच्या अगदी ताज्या आठवणीतल्या दिवसांकडे येऊ. मार्च २०२०मध्ये महाराष्ट्राने साथरोग कायदा लागू केला आणि १४ मार्चला कोविडचे विनियम अधिसूचित केले. सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल कुणावर दावा वा कार्यवाही होणार नाही, हे कलम त्यातही होतं. मग राज्यभरच्या जिल्हाधिकारी कार्यालयांतून रोज निघणाऱ्या आदेशांत संचारबंदीच्या वेळा, दुकानांच्या याद्या, दंडाचे इशारे आणि त्यांच्या जोडीला हे संरक्षणाचं वाक्य दिसू लागलं. आदेशाची प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर गावोगाव फिरायची. भाजीची वेळ किती ते सगळे पाहायचे, संरक्षणाचं वाक्य कुणी वाचत नव्हतं.

त्या वाक्याचं मूळ पुण्या-मुंबईच्या प्लेगमध्ये आहे. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला आणि ४ फेब्रुवारी १८९७ला साथरोग कायदा मंजूर झाला. अवघ्या चार कलमांचा कायदा. पहिल्यात नाव आणि व्याप्ती, दुसऱ्यात सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार, तिसऱ्यात न ऐकणाऱ्याला शिक्षा आणि चौथ्यात हुकूम बजावणाऱ्याला संरक्षण. नागरिकाची तक्रार कुणी ऐकायची, याला पाचवं कलम नव्हतं.

त्याचे परिणाम पुण्याने भोगले. वॉल्टर चार्ल्स रँडच्या अध्यक्षतेखालच्या प्लेग समितीच्या हाताखाली गोरे सोजीर घरं तपासू लागले. माजघरात, देवघरात शिरणं, बायकांची तपासणी, सामान रस्त्यावर काढून जाळणं, याच्या तक्रारींनी शहर धुमसत होतं. नामदार गोखले त्या वेळी वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडला गेले होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सोजिरांच्या अत्याचारांविषयी तिथल्या वृत्तपत्राला सांगितलं. परत आल्यावर पुरावा देता येईना; पत्रं लिहिणाऱ्यांपैकी कुणी पुढे येईना. गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली आणि ती जखम त्यांच्या मनात पुढे कैक वर्षं राहिली. त्याआधीच २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या होत्या.

इतिहासकार या घटनेची अनेक कारणं देतात. मी एका गोष्टीकडे लक्ष वेधू इच्छितो. ज्या घरात सोजीर शिरले होते त्या घरच्या माणसाला दिवाणी न्यायालयात जाऊन, पुरावा मांडून, उलटतपासणीला तोंड देऊन आपली तक्रार खरी ठरवण्याची वाट कलम ४ने जवळपास बुजवली होती. तक्रार तपासायला जागाच नसली की ती अफवा होते, अफवेचा पुरावा मागितला की गोखल्यांसारखा सत्यनिष्ठ माणूस उघड्यावर पडतो, आणि कुणीतरी पिस्तूल उचलतो. हुकूम बजावणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा तक्रारीची जागा उघडी ठेवत नसेल, तर हुकूम बजावणाराही सुरक्षित राहत नाही.

बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा. ‘१ नोव्हेंबर १९५६च्या लगेच आधी जे प्रदेश ‘ब’ वर्ग राज्यांत होते ते वगळून’ अशा आशयाचे शब्द त्या कायद्याच्या व्याप्तीच्या कलमात स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशकं राहिले आणि हैदराबाद हे ‘ब’ वर्ग राज्य होतं. २२ एप्रिल २०२०च्या केंद्रीय अध्यादेशाने ते शब्द काढून टाकले. त्याच अध्यादेशाने आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांसाठी कडक शिक्षाही आणली.

कोविडच्या काळात जिल्हाधिकाऱ्यांचा खरा आधार होता २००५चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. या कायद्याचं कलम ७३ सद्भावनेने केलेल्या कामाला संरक्षण देतं. दावा, खटला, इतर कार्यवाही, काहीच चालत नाही. पण त्याच कायद्यात कलम ५६ आहे. नेमून दिलेलं काम वरिष्ठांच्या लेखी परवानगीशिवाय किंवा तसंच कायदेशीर कारण नसताना नाकारणाऱ्या, सोडून जाणाऱ्या अधिकाऱ्याला एक वर्षापर्यंतचा कारावास होऊ शकतो. ही दोन कलमं एकत्र वाचल्याशिवाय त्यांतला न्याय कळत नाही. काम नाकारायची ज्याला मुभाच नाही, त्याला काम केल्याबद्दल कोर्टात ओढू नये, हा त्यामागचा साधा विचार आहे.

सोलापूर–धुळे महामार्गावर शहागडजवळ गोदावरी ओलांडली की जालना जिल्हा संपून बीड सुरू होतं. समजा, लॉकडाऊनमध्ये अशा एखाद्या नाक्यावर पोलीस शिपाई, आरोग्यसेवक आणि जिल्हा परिषदेचे एक गुरुजी यांची ड्युटी लागली आहे. गुरुजी आयुष्यभर चौथीच्या वर्गाला गणित शिकवत आले. आता हातात नोंदवही, तोंडाला मास्क आणि समोर ऊसतोड मजुरांनी भरलेला टेम्पो. एप्रिल २०२०मध्ये कारखान्यांवर अडकलेल्या लाखाहून अधिक मजुरांना तपासणी करून गावी जाऊ द्यायचा निर्णय राज्य सरकारने घेतला होता आणि त्यांत फार मोठ्या संख्येने बीडचेच होते. टेम्पोतल्या मुकादमाकडे यादी आहे, तपासणीचे कागद आहेत. पण एका जोडप्याच्या कागदावरची तारीख पुसट आहे. गुरुजींनी ती चुकीची वाचली आणि त्या दोघांना उतरवून ठेवलं.

मजूर जोडप्याचं नुकसान झालं, यात शंका नाही. तरी गुरुजींवर दावा चालणार नाही. त्यांनी हयगय केली असेल, पण प्रामाणिकपणे केली. २००५च्या केंद्रीय कायद्याला लागू पडणारं मोजमाप तेवढंच मागतं. मला हे बरोबर वाटतं. ज्या कामाचं प्रशिक्षण नाही, जे नाकारायची सोय नाही, त्यातल्या चुकीसाठी मास्तरांच्या पगारावर जप्ती आणण्यात कसला न्याय? पण हाच न्याय वरच्या खुर्चीला त्याच मापाने लावावा असं मला वाटत नाही. जिल्हाभरचे रस्ते बंद करणाऱ्याकडे कायद्याचे सल्लागार असतात, माहिती असते, विचार करायला नाक्यावरच्या गुरुजींपेक्षा जास्त वेळ असतो. २६ मार्च ते ४ एप्रिल २०२१ या काळात बीडमध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा लाखो माणसांची रोजीरोटी काही पानांच्या आदेशावर अवलंबून होती. असा आदेश काढणाऱ्याने हयगय केली तरी मन साफ होतं म्हणून सुटला, हे मोजमाप सैल आहे. कायद्याने खालचा आणि वरचा असा भेद केलेला नाही. तो करायला हवा.

याच नाक्यावर गुरुजींनी जोडप्याला सोडायला पाचशे रुपये घेतले असते, किंवा शिपायाने मुकादमाला दोरीने बांधून झोडपलं असतं, तर? तिथे संरक्षण संपतं. लाच घेणं ही कुठल्याच आदेशाची अंमलबजावणी नव्हे. मारहाणीबद्दल तर सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्याच एका प्रकरणात, महाराष्ट्र राज्य विरुद्ध आत्माराम या १९६६च्या निकालात, रेघ स्पष्ट आखली आहे. संशयिताला मारणं, डांबणं हे पोलिसाच्या कर्तव्याच्या आवरणाखाली झालेलं कृत्य म्हणता येत नाही, कारण कर्तव्याचा आणि त्या कृत्याचा संबंधच नाही. तमिळनाडूत सातनकुळम इथे जून २०२०मध्ये दुकान ठरल्या वेळेपेक्षा जास्त उघडं ठेवल्याच्या आरोपावरून एका बाप-लेकाला ठाण्यात नेलं आणि दोघंही कोठडीत झालेल्या मारहाणीनंतर दगावले. तिथेही लॉकडाऊनचा आदेश होता आणि आदेशाला संरक्षण होतं. सीबीआयने नऊ पोलिसांवर खुनाचा आरोप ठेवला.

संरक्षणाच्या या कलमांची गल्लत आणखी एका तरतुदीशी नेहमी होते. सरकारी कामाच्या संदर्भातल्या गुन्ह्यासाठी लोकसेवकावर न्यायालयाने खटल्याची दखल घेण्याआधी सरकारची मंजुरी लागते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १९७ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २१८ आहे. ही केवळ दारावरची राखण. आत गेल्यावर आरोपी निर्दोष ठरतो असं नाही. या तरतुदीने नागरिकांना वर्षानुवर्षं ताटकळत ठेवलं, कारण मंजुरीची फाइल मंत्रालयात पडून राहिली की खटला जागीच थांबायचा. नव्या संहितेने १२० दिवसांची मुदत घातली आहे. तेवढ्यात सरकारने निर्णय घेतला नाही तर मंजुरी मिळाली असं समजायचं. नव्या फौजदारी कायद्यांबद्दल अनेक आक्षेप आहेत आणि त्यांतले काही मलाही मान्य आहेत, पण ही सुधारणा निखळ चांगली आहे.

इथवर वाचून असं वाटेल की संरक्षण मिळतं म्हणून अधिकारी नको तितकं करतात. बीड जिल्ह्यातल्या परळीने याच्या अगदी उलट दुखणं दाखवलं. ढाल हातात असून ती कुणी उचलायची नाही, हे ते दुखणं.

२०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे फक्त ८०७ मुली उरल्या होत्या. महाराष्ट्रातला हा सर्वांत खालचा आकडा होता. दहा वर्षांपूर्वी तो ८९४ होता. गर्भलिंगनिदानविरोधी कायदा १९९४पासून होता. त्या कायद्याने जिल्ह्यात आणि तालुक्यात समुचित प्राधिकारी नेमले. त्यांना सोनोग्राफी केंद्रात शिरायचा, नोंदी तपासायचा, यंत्र सील करायचा अधिकार दिला. आणि कलम ३१ने सांगून टाकलं की सद्भावनेने केलेल्या कारवाईबद्दल त्यांच्यावर दावा, खटला, कसलीही कार्यवाही चालणार नाही. डॉक्टर कितीही मोठा असो, त्याच्या पाठीशी कुणीही उभा असो, अधिकाऱ्याच्या पाठीशी कायदा उभा होता.

तरी २०१०मध्ये परळीतल्या डॉ. सुदाम मुंडे यांच्या रुग्णालयातला प्रकार उघड केला तो साताऱ्याहून आलेल्या वर्षा देशपांडे यांच्या लेक लाडकी अभियानाने, स्टिंग ऑपरेशन करून. त्यांना कलम ३१चं संरक्षण नव्हतं. त्या सरकारी अधिकारी नव्हत्या. त्यानंतरही मे २०१२मध्ये त्याच रुग्णालयात गर्भपातादरम्यान एका महिलेचा मृत्यू झाला, तेव्हा कुठे राज्यभर गदारोळ झाला. फेब्रुवारी २०१९मध्ये बीडच्या न्यायालयाने सुदाम मुंडे आणि त्यांच्या पत्नी सरस्वती मुंडे यांना दहा वर्षांची शिक्षा सुनावली.

संरक्षणाचं कलम कागदावर असून भागत नाही, हे या आठ-नऊ वर्षांनी दाखवलं. वैद्यकीय अधिकाऱ्याला दाव्याची भीती नसेलही. बदलीची असते, फोनची असते, त्याच गावात मुलं शाळेत घालायची असतात त्याची असते. या भीतींवर कुठल्याही कायद्यात कलम नाही. गोदावरीच्या पात्रात रात्री वाळूचा हायवा अडवणाऱ्या तलाठ्याचीही गोष्ट हीच. जमीन महसूल संहितेचं कलम ४८ वाहन जप्त करायचा आणि दंड बसवायचा अधिकार देतं, पण अंधारात टॉर्च घेऊन उभ्या असलेल्या तलाठ्याला त्या क्षणी कलमापेक्षा सोबत दोन पोलीस हवे असतात. कोर्टापासून संरक्षण देणं सरकारला सोपं जातं, त्याला पैसा लागत नाही. माणूस आणि गाडी देणं अवघड, म्हणून ते राहून जातं. ज्या सरकारला आपला कर्मचारी खरोखर निर्भय हवा आहे, त्याने आधी हे द्यावं.

राहिला प्रश्न नुकसान झालेल्या नागरिकाचा. अधिकारी सद्भावनेने वागला म्हणून सुटला, तर मजूर जोडप्याचं, धरण्याला बसू न शकलेल्या माजलगावकराचं काय? त्याला दोन वाटा आहेत. एक, माणसाला सोडून आदेशालाच आव्हान द्यायचं. माजलगावकरांनी हेच केलं आणि दोन आठवड्यांत निकाल मिळवला. आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालच्या आदेशांविरुद्ध खालची न्यायालयं दावा घेऊ शकत नाहीत, असं त्याचं कलम ७१ सांगतं. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचं दार मात्र ते बंद करत नाही, करू शकतही नाही. दुसरी वाट राज्याकडून भरपाई मागायची. १९९३च्या निलाबती बेहेरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं की मूलभूत हक्क तुडवला गेला असेल तर भरपाई देताना राज्याला सार्वभौमत्वाची सबब सांगता येणार नाही. अधिकाऱ्याच्या सद्भावनेने राज्याची जबाबदारी संपत नाही.

आणि अलीकडे न्यायालयाने अधिकाऱ्याच्या खिशापर्यंतही हात नेला आहे. बुलडोझरने घरं पाडण्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांनी १३ नोव्हेंबर २०२४ला निर्देश दिले. पाडकामाआधी किमान पंधरा दिवसांची नोटीस हवी, सुनावणी हवी, कारणांसह आदेश हवा, पाडकामाचं चित्रीकरण हवं. हे निर्देश मोडून घर पाडलं तर ते पुन्हा उभं करायचा खर्च आणि भरपाई संबंधित अधिकाऱ्याकडून वैयक्तिकरीत्या वसूल होईल. काय केलं म्हणजे पुरेशी काळजी घेतली, हे इतक्या बारकाईने एकाच जागी क्वचितच लिहिलं गेलं आहे. आता हे निर्देश माहीत नव्हते असं म्हणणाऱ्याला सद्भावनेचा आसरा घेणं जड जाईल.

म्हणून वाचकाला एक विनंती. सरकारी आदेश दाखवून तुम्हाला कुणी अडवलं, तर हुज्जत घालू नका; आदेशाची प्रत मागा, त्यावरचा जावक क्रमांक, तारीख, कलम आणि सही पाहा, मुदत संपली आहे का ते पाहा. प्रत दिली नाही तर तसं लिहून त्याच दिवशी अर्ज द्या आणि पोच घ्या. खाली उभ्या असलेल्या माणसावर राग काढण्यापेक्षा वरच्या सहीला आव्हान द्या. मारहाण, लाच किंवा सूड असेल, तर मात्र थेट त्या माणसाविरुद्धच तक्रार करा. आणि पोलीस अधिनियमाखालच्या कर्तव्याच्या आवरणाखाली झालेल्या कृत्याबद्दल दावा लावायचा असेल तर फार वाट पाहू नका. कलम १६१ने त्यासाठी कृत्याच्या तारखेपासून सहा महिन्यांचीच मुदत ठेवली आहे आणि दाव्याआधी नोटीस द्यावी लागते, ती त्यातच बसवायची असते.